फॅ : एका जुन्या डॅनिश शब्दाचे गोत्र

डॅनिश भाषेत ‘फॅ’ हा एकाक्षरी शब्द आहे. त्यातला स्वर मराठी ‘ए’ आणि ‘अ‍ॅ’ यांच्या मधला, किंचित लांबवलेला. तो उच्चारताना घशात श्वास क्षणभर अडतो. डॅनिश भाषेच्या या खास लकबीला तिथे ‘स्टोड’ म्हणतात. ‘फॅ’चा जुना अर्थ गुरेढोरे, दावणीची जनावरे. आजचा डॅनिश शेतकरी आपल्या गुरांना ‘फॅ’ म्हणत नाही, ‘क्वेग’ म्हणतो. ‘फॅ’ जुन्या पुस्तकांत, काही जोडशब्दांत आणि एका वाक्प्रचारात उरला आहे. रोजच्या बोलण्यात तो आलाच तर ‘मूर्ख’, ‘मठ्ठ’ या अर्थाने येतो.

वापरातून उतरलेल्या या शब्दाचे नातेवाईक मात्र अटलांटिकमधल्या आइसलंडपासून भारतापर्यंत पसरलेले आहेत. मराठीतला ‘पशू’ हा त्याचा सख्खा भाऊ. शाळेची ‘फी’, संशोधकाची ‘फेलोशिप’ आणि काश्मीरची ‘पश्मिना’ शाल हीसुद्धा त्याच कुळातली मंडळी. हे नाते केवळ उच्चारातल्या साम्यावरून जुळवलेले नाही. ते ध्वनींच्या ठरलेल्या हिशेबातून सिद्ध होते आणि तो हिशेब मांडण्यात डेन्मार्कच्याच दोन अभ्यासकांचा वाटा मोठा आहे.

शब्दकोशातला ‘फॅ’

‘ओर्डबोग ओव्हर देत डान्स्के स्प्रोग’ हा डॅनिश भाषेचा मोठा ऐतिहासिक शब्दकोश. त्याचे 28 खंड 1918 ते 1956 या काळात प्रसिद्ध झाले आणि 1700 नंतरच्या डॅनिश भाषेची संपत्ती त्यांत नोंदली गेली. जुन्या डॅनिशमध्ये ‘फॅ’पासून साधे, शेतावरचे शब्द तयार होत. ‘फॅहूस’ म्हणजे गोठा, ‘फॅड्रिफ्ट’ म्हणजे गुरे हाकणे किंवा गुरांचा हाकलेला कळप. ‘फॅहोवेड’ म्हणजे गुराचे डोके. हा शब्द मात्र गुरांसाठी नाही, माणसासाठी आहे. ज्याच्या डोक्यात काही शिरत नाही तो ‘फॅहोवेड’.

गुराच्या नावाची शिवी होणे मराठी माणसाला समजावून सांगावे लागत नाही. ‘ढोर आहेस नुसता’, ‘बैलोबा’, ‘गाढव’ हे शब्द मराठीत तसेच वापरले जातात. जर्मनमधला ‘फी’ हा ‘फॅ’चाच भाऊ. त्याचा अर्थ आजही गुरे असाच आहे, पण तोही रानटी वागणाऱ्या माणसाला लावतात. गाईगुरांचे रोजचे नाव ‘क्वेग’ झाल्यावर डॅनिश ‘फॅ’कडे बोलीत मुख्यतः ही शिवीच उरली.

जुना अर्थ जिवंत आहे तो ‘फोल्क ओ फॅ’ या जोडीत. म्हणजे माणसे आणि गुरे. एखाद्या घराच्या, गावाच्या आसऱ्याला असलेले सगळे जीव त्या दोन शब्दांत येतात. दोन्ही शब्द ‘फ’ने सुरू होतात, त्यामुळे जोडी जिभेवर बसते आणि त्या नादानेच ती टिकवली. ही जोडी दिसते त्यापेक्षा फार जुन्या घडणीची आहे, हे पुढे येईलच.

ध्वनींचा हिशेब

‘पशु’ आणि ‘फॅ’ शेजारी ठेवले तर त्यांच्यात साम्य दिसतच नाही. एकात ‘प’, दुसऱ्यात ‘फ’. एकात ‘शु’ आहे, दुसऱ्यात त्या जागी काहीच नाही. तरीही ते एकाच शब्दाची दोन रूपे आहेत असे खात्रीने म्हणता येते, कारण हाच फरक इतर शब्दांमध्येही तसाच्या तसा आढळतो.

आधी पहिले अक्षर. संस्कृत ‘पिता’, लॅटिन ‘पातेर’, डॅनिश ‘फादर’. संस्कृत ‘पाद’, लॅटिन ‘पेस’, डॅनिश ‘फोड’. संस्कृत ‘पूर्ण’, लॅटिन ‘प्लेनुस’, डॅनिश ‘फुल्ड’. संस्कृत ‘पंच’, ग्रीक ‘पेन्ते’, डॅनिश ‘फेम’. संस्कृत, लॅटिन आणि ग्रीकमध्ये शब्दारंभी जिथे ‘प’ आहे, तिथे डॅनिशमध्ये ‘फ’ येतो. मग ‘पशु’च्या जागी ‘फ’ने सुरू होणारा शब्द येणार, हे ओघानेच आले.

आता मधला ‘श’. संस्कृत ‘शत’, लॅटिन ‘केन्तुम’, डॅनिश ‘हुंड्रेडे’. संस्कृत ‘श्वन्’ म्हणजे कुत्रा, लॅटिन ‘कानिस’, डॅनिश ‘हुंड’. संस्कृत ‘शृंग’, लॅटिन ‘कोर्नु’, डॅनिश ‘होर्न’. संस्कृतच्या या ‘श’ला लॅटिनमध्ये ‘क’ आणि डॅनिश, जर्मन, इंग्रजी यांच्या जर्मानिक गटात ‘ह’ असा जोडीदार आहे. हा ‘ह’ शब्दाच्या मध्ये आला की स्कँडिनेव्हियात पुढे गळून पडला. संस्कृत ‘दश’, लॅटिन ‘देकेम’, गॉथिक या जुन्या जर्मानिक भाषेत ‘तेहुन’, डॅनिश ‘ती’ ही दहा या संख्येची साखळी. तिच्या शेजारी दुसरी साखळी ठेवावी: संस्कृत ‘पशु’, लॅटिन ‘पेकु’, गॉथिक ‘फेहु’, डॅनिश ‘फॅ’. दोन्हींच्या कड्या एकमेकींशी तंतोतंत जुळतात. ‘दश’मधल्या ‘अ’समोर लॅटिनचा ‘ए’ आहे, तसाच ‘पशु’मधल्या ‘अ’समोरही आहे. गॉथिकमधला ‘ह’ दोन्हीकडे आहे आणि डॅनिशमध्ये तो दोन्हीकडून गेला आहे.

या दुसऱ्या साखळीच्या मुळाशी अभ्यासकांनी ‘पेकु’ असे आद्य रूप मानले आहे. ते ज्या भाषेतले, ती आदि-इंडो-युरोपीय भाषा लिहिलेली सापडत नाही. तिच्या लेकी-नातींची तुलना करून तिचे रूप मांडावे लागते.

रास्मुस रास्क : डेन्मार्क ते मुंबई

जर्मानिक भाषांमधला ‘प’चा ‘फ’ आणि ‘क’चा ‘ह’ हा बदल व्यवस्थित मांडणाऱ्यांमध्ये रास्मुस रास्क (1787–1832) अग्रभागी होता. तो डेन्मार्कच्या फ्युन बेटावरचा. स्कँडिनेव्हियाच्या जुन्या नॉर्स भाषेच्या उगमावरचा त्याचा निबंध 1818 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात त्याने नॉर्सची तुलना ग्रीक आणि लॅटिनशी केली आणि त्यांच्यातले ध्वनी कसे नियमाने बदलतात हे दाखवले. भाषांचे नाते उसन्या घेता येणाऱ्या सुट्या शब्दांवरून ठरत नाही, ते व्याकरणाच्या घडणीवरून आणि ध्वनींच्या नियमित जोड्यांवरून ठरते, हा त्याचा आग्रह होता. 1822 मध्ये जर्मन अभ्यासक याकोप ग्रिमने हेच नियम आपल्या व्याकरणाच्या दुसऱ्या आवृत्तीत विस्ताराने मांडले. जगाने त्यांना ‘ग्रिमचा नियम’ हे नाव दिले.

निबंध छापला गेला तेव्हा रास्क डेन्मार्कमध्ये नव्हता. 1816 मध्ये तो लांबच्या प्रवासाला निघाला होता. स्वीडन, सेंट पीटर्सबर्ग, कॉकेशस आणि इराण असा प्रवास करत तो 1820 मध्ये मुंबईला पोचला. पारशी समाजाने जपलेल्या अवेस्ता आणि पहलवी भाषांतल्या पोथ्या हे त्याचे मोठे आकर्षण होते. त्याने अशा अनेक पोथ्या मिळवल्या. पुढे श्रीलंकेपर्यंत जाऊन तो 1823 मध्ये कोपनहेगनला परतला. अवेस्ताची भाषा खरोखर प्राचीन आहे आणि ती संस्कृतची बहीण आहे, असे प्रतिपादन करणारा त्याचा ग्रंथ 1826 मध्ये आला. त्याने नेलेल्या पोथ्या कोपनहेगनच्या शाही ग्रंथालयात आजही जपलेल्या आहेत. अवेस्ताच्या भाषेत ‘पशु’चे रूप ‘पसु’ असे आहे. रास्कच्या मायबोलीतल्या ‘फॅ’चा हा इराणी भाऊ.

वेर्नर आणि वैदिक स्वर

रास्क आणि ग्रिम यांच्या नियमाला काही शब्द जुमानत नव्हते. संस्कृतमध्ये ‘भ्रातर्’ आणि ‘पितर्’ या दोन्ही शब्दांत ‘त’ आहे. गॉथिकमध्ये मात्र भावाच्या शब्दात त्याचा ‘थ’सारखा घर्षक ध्वनी होतो आणि पित्याच्या शब्दात ‘द’. एकाच ‘त’ची ही दोन रूपे का, हे कोडे सुटत नव्हते. ते सोडवले कार्ल वेर्नर (1846–1896) याने. तो डेन्मार्कच्या ऑर्हुस शहरातला. त्याचा लेख 1877 मध्ये प्रसिद्ध झाला.

उत्तर वैदिक संस्कृतच्या स्वरांमध्ये दडलेले होते. वेदपाठात शब्दाच्या कोणत्या अक्षरावर उदात्त स्वर, म्हणजे जोर, येतो, हे हजारो वर्षे काटेकोरपणे जपले गेले. ‘भ्रातर्’मध्ये उदात्त पहिल्या अक्षरावर आहे, ‘पितर्’मध्ये शेवटच्या. ज्या ध्वनीच्या लगेच आधीच्या अक्षरावर जोर होता तो अघोष राहिला. जोर दुसरीकडे असला तर तो घोष झाला. जर्मानिक भाषांनी तो मूळ जोर पुढे सोडून दिला, पण त्याची खूण व्यंजनांत राहिली.

हाच नियम ‘फॅ’ला लावता येतो. मूळ शब्दाचा जोर शेवटी असता, तर गॉथिकमध्ये ‘ह’ऐवजी ‘ग’सारखा घोष ध्वनी मिळाला असता. तिथे ‘ह’ आहे, म्हणजे जोर पहिल्या अक्षरावर होता. ऋग्वेदात ‘पशु’ दोन प्रकारे येतो: पुल्लिंगी शब्दात उदात्त शेवटी, नपुंसकलिंगी शब्दात तो पहिल्या अक्षरावर. गॉथिक ‘फेहु’ नपुंसकलिंगी, लॅटिन ‘पेकु’ नपुंसकलिंगी आणि डॅनिश ‘फॅ’ही नपुंसकलिंगीच. जोर आणि लिंग या दोन्ही गोष्टींत ‘फॅ’ची जोडी ऋग्वेदातल्या नपुंसकलिंगी रूपाशी जमते.

पूर्वेकडची शाखा

वैदिक वाङ्मयात ‘पशु’ हा मुख्यतः माणसाच्या ताब्यातला, घरचा प्राणी. अथर्ववेदात पाच पशू सांगितले आहेत: गाय, घोडा, माणूस, शेळी आणि मेंढी. त्यात माणूस आहे हे आज नवल वाटते, पण कुटुंबप्रमुखाच्या छत्राखाली असलेले सगळे जीव एकत्र मोजण्याची ही रीत होती. अशा सगळ्यांचा स्वामी तो पशुपती. पुढे शैव दर्शनाने याच शब्दाला वेगळी उंची दिली. पाशाने बांधलेला जीव म्हणजे पशू आणि त्याला सोडवणारा तो पती. भारतीय परंपरेत ‘पशु’ची व्युत्पत्ती ‘पाहणे’ या अर्थाच्या क्रियापदाशीही जोडली जाते. तुलनात्मक भाषाशास्त्र मात्र त्याला लॅटिन आणि जर्मानिक भावंडांसोबत ‘पेकु’खाली ठेवते.

इराणी भाषांमध्ये हा शब्द शेळ्यामेंढ्यांकडे वळला. कुर्दी ‘पेझ’ म्हणजे मेंढ्या, कॉकेशसमधल्या ओसेती भाषेत ‘फिस’ म्हणजे मेंढी. जुन्या इराणीत ‘पसु’चे आखडते रूप ‘फ्शु’ असे होते. त्याला ‘राखणारा’ या अर्थाचा ‘पान’ जोडून मेंढपाळासाठी शब्द झाला. त्यातून फारसी ‘शुबान’ आणि ‘चुपान’ आले आणि फारसीतून तुर्कीत ‘चोबान’ गेला.

मराठीत ‘पशू’ संस्कृतमधून जसाच्या तसा आला, म्हणून तो लिहिण्यातला शब्द राहिला. गावात कोणी ‘माझे पशू’ म्हणत नाही. तिथे गुरे, ढोरे, जनावरे आणि जित्राबे असतात. मात्र सरकारी कागदांत ‘पशुसंवर्धन’, ‘पशुवैद्यक’ आणि ‘पशुधन’ हे शब्द पक्के आहेत. यातल्या ‘पशुधन’ शब्दात या साऱ्या कुळाची मध्यवर्ती कल्पना उघड दिसते: जनावर हेच धन.

पश्चिमेकडची शाखा

लॅटिनमध्ये ‘पेकुस’ म्हणजे कळप, विशेषतः शेळ्यामेंढ्यांचा. त्याच कुळातला ‘पेकुनिया’ म्हणजे पैसा. गुलामाला किंवा घरातल्या मुलाला स्वतःपुरती बाळगू दिलेली मालमत्ता ती ‘पेकुलियुम’. त्यापासून ‘स्वतःचे, खासगी’ या अर्थाचे विशेषण झाले आणि इंग्रजीत जाऊन ते ‘विचित्र’ या अर्थाचे ‘पिक्युलियर’ झाले. सार्वजनिक मालमत्तेचा अपहार म्हणजे ‘पेकुलातुस’.

रोमन लेखकांना हे नाते ठाऊक होते. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला विद्वान वार्रो सांगतो, की मेंढपाळांची संपत्ती त्यांच्या कळपात असे, म्हणून पैशाला कळपाचे नाव पडले. पहिल्या शतकातल्या प्लिनीने नोंदवलेली आख्यायिका अशी, की राजा सेर्वियुस तुल्लियुसने तांब्याच्या तुकड्यांवर जनावरांची चित्रे उमटवली आणि त्यावरून ‘पेकुनिया’ हे नाव आले. जुन्या रोममध्ये दंड मेंढ्या आणि बैल यांत आकारला जाई. पुढे तो नाण्यांत घेऊ लागले तेव्हा मेंढीला 10 आणि बैलाला 100 ‘आस’ असा दर ठरला.

उत्तरेकडे गॉथ लोकांचा बिशप वुल्फिला याने चौथ्या शतकात बायबल गॉथिकमध्ये आणले. त्यात ‘फेहु’ येतो तो पैसा आणि मालमत्ता या अर्थाने. येशूला पकडून देण्याबद्दल यहूदाला कबूल झालेला पैसाही ‘फेहु’च. जुन्या इंग्रजीतल्या ‘फेओह’ शब्दात गुरे आणि पैसा हे दोन्ही अर्थ होते. डच ‘व्हे’ आणि जर्मन ‘फी’ यांनी गुरे हा अर्थ राखला. लिथुएनियन आणि जुन्या प्रशियनमध्येही गुरांसाठी ‘पेकुस’, ‘पेक्कु’ अशी रूपे आढळतात. त्या भाषांच्या नियमाने इथे ‘श’ किंवा ‘स’ यायला हवा होता. ‘क’ दिसतो, म्हणून पुष्कळ अभ्यासक हा शब्द तिथे पश्चिमेच्या शेजाऱ्यांकडून आला असे मानतात.

जुन्या नॉर्समध्ये ‘फे’ म्हणजे गुरे, मालमत्ता आणि पैसा, तिन्ही. तिथला ‘फेहिर्दिर’ कधी गुराखी असे, कधी राजाचा खजिनदार. दोघेही ‘फे’ राखणारे. चालणारे ‘फे’ म्हणजे जनावरे, असाही प्रयोग होता. आइसलंडमध्ये हे दुहेरी आयुष्य अजून चालू आहे. ‘फ्यार’ हे तिथल्या ‘फे’चे षष्ठीचे रूप. ‘फ्यारहूस’ म्हणजे मेंढवाडा, ‘फ्यारहुंदुर’ म्हणजे मेंढ्या राखणारा कुत्रा, आणि ‘फ्यारमाउलाराउदहेर्रा’ म्हणजे देशाचा अर्थमंत्री.

उत्तर युरोपच्या लिपीनेही या शब्दाला पहिले स्थान दिले. रून लिपीच्या वर्णमालेला पहिल्या सहा चिन्हांवरून ‘फुथार्क’ म्हणतात. त्यातले पहिले चिन्ह ‘फ’चे आणि त्याचे नाव ‘फे’, म्हणजे धन.

माणसे आणि गुरे : एक प्राचीन जोडी

डॅनिश ‘फोल्क ओ फॅ’ ही जोडी इथे पुन्हा आठवावी. इटलीतल्या गुब्बिओ गावी 15 व्या शतकात काशाचे सात कोरीव पत्रे सापडले. ते लॅटिनच्या बहिणीत, उंब्रियन भाषेत आहेत. नगराच्या रक्षणासाठी देवांना केलेल्या त्यांतल्या प्रार्थनांमध्ये ‘वेइरो पेक्वो’ हे शब्द येतात. अर्थ माणसे आणि गुरे. अवेस्तामध्ये ‘पसु’ आणि ‘वीर’ हीच जोडी उलट क्रमाने आहे. तिथला ‘वीर’ म्हणजे माणूस. तो संस्कृत ‘वीर’ शब्दाचा भाऊ आणि उंब्रियन ‘वेइरो’चाही. रोमन लेखक कातोने शेतीवरच्या पुस्तकात मार्स देवाची प्रार्थना दिली आहे. तिच्यात मेंढपाळ आणि कळप यांना सुरक्षित ठेवण्याची विनवणी आहे. वैदिक प्रार्थनांमध्येही दोन पायांचे आणि चार पायांचे यांचे कल्याण एकत्र मागितले जाते.

हजारो मैल दूर असलेल्या भाषांमध्ये ही जोडी सापडते, तेव्हा ती ज्या मूळ समाजातून या भाषा निघाल्या त्याच्या प्रार्थनेतली असावी असे मानायला आधार मिळतो. डॅनिश जोडीत ‘वीर’ची जागा ‘फोल्क’ने घेतली आहे. पण ‘फॅ’ जिथल्या तिथे आहे आणि आपले संरक्षण माणसांबरोबर गुरांनाही हवे, हा विचारही तोच आहे.

आधी गुरे की आधी धन?

वार्रोपासून चालत आलेली समजूत अशी, की शब्द आधी गुरांचा होता. गुरे हीच संपत्ती होती म्हणून पुढे तो धनाचा झाला. फ्रेंच अभ्यासक एमिल बेन्वेनिस्त याने 1969 मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंडो-युरोपीय संस्थांवरच्या ग्रंथात हा क्रम उलटा मांडला. त्याच्या मते मूळ शब्दाचा अर्थ ‘जंगम मालमत्ता’, म्हणजे हलवता येण्याजोगी संपत्ती. शेतकऱ्याची जंगम मालमत्ता बहुतेक जनावरांचीच असे, म्हणून अर्थ आधी गुरांपुरता आणि काही भाषांत मेंढ्यांपुरता आकुंचित झाला. गॉथिक ‘फेहु’ गुरांसाठी कुठेच येत नाही, हे त्याच्या बाजूचे मोठे प्रमाण. धनाच्या व्यापक शब्दाने एका वस्तूवर स्थिरावणे ही भाषेत नेहमीची गोष्ट आहे. मराठीत ‘माल’ म्हटले की धान्याच्या बाजारात धान्य आणि कापडाच्या दुकानात कापड समजले जाते, तसेच हे.

दुसऱ्या बाजूचे प्रमाणही तेवढेच वजनदार आहे. भारत आणि इराण या पूर्वेच्या शाखेत ‘पशु’ नेहमी प्राणीच आहे. त्याचा अर्थ पैसा असा होत नाही. शिवाय आदि-इंडो-युरोपीय भाषेतल्या ‘पेक्’ या क्रियापदाचा अर्थ लोकर उपटणे, विंचरणे. ग्रीकमध्ये ‘पेकेइन’ म्हणजे विंचरणे आणि ‘पोकोस’ म्हणजे मेंढीची कातरलेली लोकर. लॅटिन ‘पेक्तेन’ म्हणजे कंगवा. या बाजूने पाहिले तर ‘पेकु’ मुळात लोकर देणारा प्राणी, म्हणजे मेंढी. संस्कृत ‘पक्ष्मन्’ म्हणजे पापणीचे केस आणि फारसी ‘पश्म’ म्हणजे लोकर हेही याच क्रियापदाकडे नेले जातात. ‘पश्म’पासूनच काश्मीरच्या ‘पश्मिना’ला नाव मिळाले.

डॅनिश भाषेत या लोकरीच्या धाग्याची आठवण दुसऱ्या एका शब्दात आहे. डॅनिशमध्ये मेंढीला ‘फॉर’ म्हणतात. तो ‘पेक्’ याच मुळाच्या दुसऱ्या रूपातून आला, म्हणून ‘फॅ’चा चुलतभाऊ. डॅनिश राज्याचा भाग असलेल्या फॅरो बेटांच्या नावाचा अर्थही ‘मेंढ्यांची बेटे’ असाच सांगितला जातो.

गुरे एकत्र, माणसे एकत्र

‘फे’पासून झालेला सर्वांत दूर पोचलेला शब्द भागीदारीचा आहे. जुन्या नॉर्समध्ये ‘फेलाग’ म्हणजे ‘फे’ एकत्र ठेवणे, मालमत्ता सामायिक करणे. अशी भागी करणारा तो ‘फेलागी’. व्हायकिंग काळात जहाज, माल आणि जोखीम वाटून घेणाऱ्या जोडीदारांसाठी तो शब्द होता. आता जर्मनीच्या हद्दीत असलेल्या हेडेबी या जुन्या डॅनिश व्यापारी शहराजवळ सुमारे इसवी सन 1000 चा एक रूनशिलालेख आहे. राजा स्वेनचा थोरुल्फ नावाचा सेवक त्यात सांगतो, की शहराच्या वेढ्यात मरण पावलेला आपला ‘फेलागी’ एरिक याच्या स्मरणार्थ त्याने तो दगड उभारला. तिथे शब्दाचा अर्थ हिशेबातल्या भागीदाराच्या पुढे जाऊन सोबत्यापर्यंत आलेला दिसतो.

व्हायकिंगांबरोबर हा शब्द इंग्लंडला गेला आणि इंग्रजीत ‘फेलो’ झाला. त्यातून विद्यापीठांतले ‘फेलो’ आणि ‘फेलोशिप’ आले. आज मराठी वर्तमानपत्रांत ‘फेलोशिप जाहीर’ अशी बातमी येते. डेन्मार्कमध्ये त्याच शब्दाचा ‘फॅले’ झाला, म्हणजे सोबती. ‘फॅलेस’ म्हणजे सामायिक, ‘फॅलेसस्काब’ म्हणजे समुदाय. ‘फॅ’ स्वतः मागे पडला, पण त्याच्या पोटातून आलेले हे शब्द डॅनिश समाजजीवनात रोज लागतात.

गुरांभोवती माणसे जमावीत आणि त्यातून समाजाचे शब्द घडावेत, हे भारतातही झाले. संस्कृत ‘गोष्ठ’ म्हणजे गाई उभ्या राहतात ती जागा. त्यातून मराठी ‘गोठा’. गोष्ठावर जमणाऱ्या मंडळींवरून ‘गोष्ठी’ म्हणजे सभा आणि संभाषण. त्यातून मराठी ‘गोष्ट’. ‘गोत्र’ हाही वेदात आधी गाईंचा वाडा होता आणि नंतर कुळ झाला. हे शब्द ‘पेकु’च्या कुळातले नव्हेत, पण अर्थाचा प्रवास त्याच वाटेने झाला.

फी, सरंजाम आणि नावाचे घोळ

इंग्रजी ‘फी’ हा शब्द जुन्या इंग्रजी ‘फेओह’मधून सरळ आलेला नाही, तो नॉर्मन फ्रेंचमधून फिरून आला. मध्ययुगात राजा सेवेच्या मोबदल्यात सरदाराला जी जमीन देई, ती ‘फीफ’. लॅटिन कागदांत तिलाच ‘फेउदुम’ म्हणत. त्यावरून सरंजामशाहीला ‘फ्यूडल’ व्यवस्था हे नाव मिळाले. या शब्दाच्या मुळाशी फ्रँक लोकांच्या भाषेतला, ‘फेहु’चा भाऊ असलेला शब्द होता, असे बहुसंख्य अभ्यासकांचे मत आहे. जमिनीच्या मोबदल्याचा अर्थ पुढे सेवेच्या मोबदल्याकडे सरकला आणि वकिलाची, डॉक्टरची, शाळेची फी त्यातून आली.

डॅनिशमध्ये ‘फे’ असा दुसरा एक शब्द आहे. त्याचा अर्थ परी. उच्चार ‘फॅ’च्या अगदी जवळचा. पण तो फ्रेंचमधून आला आणि त्याचे मूळ लॅटिन ‘फातुम’, म्हणजे दैव. परी आणि गुरे यांचा काही संबंध नाही. कानाला सारखे वाटणारे शब्द परके असू शकतात आणि ‘पशु’-‘फॅ’सारखे वेगळे वाटणारे सख्खे असू शकतात. हे ओळखायला ध्वनींचा हिशेबच उपयोगी पडतो.

‘फॅ’ची जागा घेणारा ‘क्वेग’

शेवटी ‘फॅ’ला बाजूला सारणारा शब्द. मध्ययुगाच्या उत्तरार्धात उत्तर जर्मनीच्या हान्सा व्यापाऱ्यांचे डेन्मार्कमध्ये मोठे वर्चस्व होते. त्यांच्या निम्न-जर्मन भाषेतून हजारो शब्द डॅनिशमध्ये आले. ‘क्वेग’ त्यांपैकीच. मुळात त्याचा अर्थ ‘जिवंत’, म्हणजे जिवंत मालमत्ता. डॅनिश ‘क्विक’ म्हणजे चपळ आणि इंग्रजी ‘क्विक’ हे त्याचे भाऊ. लॅटिन ‘विवुस’ त्याच मुळाचा आणि संस्कृत ‘जीव’ही त्याच मुळाचा. गावाकडच्या ‘जित्राब’ या मराठी शब्दातही जित्या जिवाचाच भाव आहे.

डॅनिश शेतावर ‘फॅ’ गेला आणि ‘क्वेग’ आला, म्हणजे भारतीय भाषांच्या नात्याने पाहता ‘पशू’च्या जागी ‘जीव’ आला. नवा शब्द जनावराचे जिवंतपण सांगतो. जुना शब्द त्याचे मोल सांगत होता. ते मोल आज आइसलंडच्या अर्थखात्याच्या नावात आहे, शाळेच्या फीमध्ये आहे आणि मराठीतल्या ‘पशुधन’ शब्दातही आहे. डेन्मार्कमध्ये मात्र ‘फोल्क ओ फॅ’ म्हणताना गुरे पुन्हा त्यांच्या सर्वांत जुन्या जागी, माणसांच्या शेजारी येऊन उभी राहतात.